जाड तारेची चावी

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. कुलपाची नव्हे बरं का! कुलपाच्या चावीला तरी घरात मान असतो, ती सापडेना झाली की माणसं सगळं घर पालथं घालतात. मी गिटारची चावी. गिटारच्या डोक्यावर तारा ताणायला सहा चाव्या असतात, त्यातली सगळ्यात जाड तारेची ती मी. सध्या माझा मुक्काम गिटारच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, सोबतीला खोकल्याच्या गोळ्या आणि एक वेटोळं केलेली तार. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव जळका आहे. हेवा करू नये असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या जागेवर दुसरं कुणी आणून बसवलेलं नसतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट सांगता येणार नाही. यंत्राचा एक दणका बसला आणि मी झाले, एवढंच आठवतं. माझी बनावट साधी आहे. बाहेर एक बटण, ते पिळायचं. पोटात आट्यांची एक बारीक दांडी आणि तिच्याशी दात जुळवून बसलेलं एक चाक. बटण पिळलं की चाक फिरतं आणि वरच्या खुंटीला गुंडाळलेली तार ताणली जाते. हवा तो सूर लागला की तार तिथंच राहायला पाहिजे. ते राखणं हेच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण तार आम्हाला सारखी ओढत असते, क्षणाची सुटी नाही.

नागसेन सर मास्तर म्हणून मंठ्याजवळच्या शाळेत नोकरीला लागले, त्या वर्षी त्यांनी आमची गिटार घेतली. तेव्हाच्या औरंगाबादेहून एसटीनं आणली. वर फळीवर ठेवली तर कुणी पेटी आदळेल म्हणून सर ती सबंध वाटेनं मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्यांचा हात नेमका माझ्यावर होता. मला वाटलं, झालं, आता आपणच लाडक्या.

कसलं काय! सर भिवाच्या गायन पार्टीत वाजवायला लागले. जयंतीचे कार्यक्रम, नामकरणं, लग्नं, गावोगाव जाणं. भिवाचा आवाज पहाडी, त्याच्यापुढं त्याची बाजाची पेटी. त्या पेटीचं मला भारी पोटात दुखायचं. तिला जुळवावं लागत नाही, पिळावं लागत नाही, भाता हलवला की बोलली. वर पुन्हा तिच्याखाली शाल अंथरायची! आणि पेटीचं सोडा, सख्ख्या बहिणी काय कमी होत्या? बारीक तारेची माझी बहीण तर मुलखाची नखरेल. तिची तार उठल्यासुटल्या तुटायची. तुटली की सर तिला पुसायचे, फुंकर घालायचे, नवी तार ओवायचे. माझी तार दणकट, तुटायचं नाव नाही, म्हणून मला कधी फडकंसुद्धा लागलं नाही. मग तेलाचा थेंब तर लांबच राहिला.

कोरड्या पोटानं मी ओढ खात राहिले आणि माझे दात झिजले. तार ताणून ठेवली की मी हळूच सुटायची आणि सूर खाली यायचा. आणि तेव्हा, मित्रांनो, माझे दिवस आले! कडवं संपलं की सरांचा डावा हात गिटारच्या मानेवरून सरळ माझ्याकडं यायचा. मला पिळायचा, सूर लावायचा आणि परत जायचा. पुढचं कडवं संपलं की पुन्हा. बारीक तारेची बहीण नुसती बघत बसायची. तिच्या नाकावर टिच्चून मी सरांचा हात मिरवला. पुढं माझं बटण मोडलं तर सर मला पकडीनं पिळायला लागले. पकड चावायची, पण हात तर सरांचाच होता.

मग तीर्थपुरीचा कार्यक्रम आला. मंडप गच्च भरलेला होता. भिवानं आवाज चढवला आणि ऐन रंगात मी दोन दात एकदम सोडले. जाड तार ढिली पडून भलतंच घुमायला लागली. भिवा गाणं थांबवून माईकवरच म्हणाला, "मास्तर, आधी जुळवा, मंग वाजवा! हितं लोक गाणं ऐकाया आल्तेत."

मंडप हसला. पहिल्या रांगेत सरांच्या शाळेची पोरं बसली होती, तीही हसली. सरांनी कार्यक्रम कसाबसा पुरा केला, घरी आल्यावर गिटार खिळ्याला अडकवली आणि त्यानंतर हात लावला नाही. पार्टीचं बोलावणं आलं की पाठ दुखते म्हणायचे. पाठबिठ काही दुखत नव्हती. संध्याकाळी ते खुर्चीवर बसून मांडीवर बोटं वाजवत राहायचे.

हे त्यांच्या मुलीला, अक्षताला, बघवेना. तिनं मोबाईलवर बघून नव्या चाव्यांचा संच मागवला. खोकं उघडलं तेव्हा मी खिळ्यावरून बघत होते. काय त्या सहाजणी! आरशासारख्या चकचकीत, अंगाला सांधा दिसत नाही, तेल म्हणे आत कायमचंच भरलेलं. आम्हाला जन्मात थेंब मिळाला नाही आणि ह्या माहेरूनच तेल पिऊन आलेल्या! माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यातली जाडसर, माझ्या जागेवर बसणार ती कोण, ते मी लगेच ओळखलं आणि तिला मनातल्या मनात नाव ठेवलं, महाराणी.

"पप्पा, टेंभुर्णीला पार्टीचा कार्यक्रम हाय, त्याआधी बसवून टाकू," अक्षता म्हणाली.

"राहू दे," सर म्हणाले. "जुनं लाकूड हाय. फुटलं म्हंजे खिळ्यावरची शोभा पण जाईल. अन् मला न्हाई जायचं टेंभुर्णीला."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण पोरगी बापाची. सर शाळेत गेल्यावर तिनं गिटार उचलली आणि कल्याणकाकांच्या दुकानात नेली. कल्याणकाका म्हणजे मंठ्यातले मोटार वाइंडिंगवाले, सरांचे जुने दोस्त. आख्ख्या भागातल्या विहिरी-बोअरच्या मोटारी त्यांच्याकडं येतात. त्यांच्याकडं ड्रिल मशीन होती, म्हणून अक्षता गेली.

"सरांची गिटार? अन् त्यान्लाच सांगू नको म्हणती?" काका म्हणाले. "मार खाऊ घालती का मला?" पण म्हणता म्हणता त्यांनी बाकावरची वायर बाजूला सारली आणि तारा कापायला पकड उचलली. "कट्‌ करून टाकू. जल्दी होईल."

"न्हाई काका! ताणलेली तार कापली तर उडून डोळ्यात जाईल. अन् गिटारच्या मानेला हिसका बसंल तो वेगळाच." तिनं सगळ्या तारा आळीपाळीनं थोड्या थोड्या ढिल्या केल्या, मग सोडवल्या. कितीतरी वर्षांनी माझ्यावरची ओढ गेली. बरं वाटायला हवं होतं. मला रिकामंच वाटलं.

मग पेचकस आला. माझा स्क्रू गंजलेला, मी धरून बसले होते. काका जोर लावणार तेवढ्यात अक्षतानं पेचकस हातातून घेतला, स्क्रूच्या खाचेत बराबर बसेल असा दुसरा शोधला, वरून दाबून धरला आणि सावकाश फिरवला. मी सुटले. पाठोपाठ बहिणी सुटल्या. लाकडातल्या छिद्रांना आमची पत्र्याची कडी होती, ती काकांना हातोडीनं ठोकून काढायची होती. अक्षतानं मागून पेन्सिलीच्या लाकडानं हळूहळू रेटून काढली, कडेचा टवकासुद्धा उडाला नाही. आम्हाला जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, एका ताटलीत ओतलं. तिथून समोरचं सगळं दिसत होतं, हीच शिक्षा.

महाराणीला माझ्या छिद्रात बसवलं. फिट्ट बसली. निदान एवढं तरी चुकायचं होतं! अक्षतानं पट्टी लावून सहाही जणी एका रेषेत आणल्या, स्क्रूच्या जागी पेन्सिलीनं ठिपके दिले. ड्रिलच्या काडीला तिनं चिकटपट्टी गुंडाळली. "काका, ही पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं. न्हाईतर काडी पुढून बाहेर निघंल." मी वाट बघत होते, निघेल, निघेल. खोटं कशाला बोलू, कल्याणकाकांचा हात स्थिर होता. पट्टी टेकली की थांबले. स्क्रूला साबण चोळला आणि ते लोण्यात गेल्यासारखे आत गेले. माझा नुसता जळफळाट!

राहिले होते पुढच्या बाजूचे नट. अक्षता ते बोटांनी फिरवून बसवत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. कार्यक्रमाबद्दल भिवा विचारत होता, म्हणून ती बाहेर गेली. काकांनी पाना उचलला.

आता कल्याणकाकांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. त्यांची मोटार एकदा बोअरमध्ये सोडली की पाईप, केबल, दोर सगळं लावून खोल खाली जाते. तिथं एक नट ढिला पडला तर आख्खी मोटार परत वर ओढायची, चार माणसं लावून. म्हणून काका प्रत्येक नट कुईं आवाज येईपर्यंत आवळतात आणि वर अजून एक पीळ देतात. मंठ्यातला कुठलाही शेतकरी त्यासाठीच त्यांच्याकडं येतो. त्यांचा हात दुसरं काही शिकलेलाच नाही. त्यांनी पाना लावला, महाराणीच्या नटाला पीळ दिला, कुईं झालं आणि वर अजून एक दिला.

टक्!

लाकूड फुटलं. छिद्रापासून वरच्या कडेकडं केसाएवढी रेघ गेली. मित्रांनो, तो आवाज ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बरं झालं! असंच वाटलं. आली मोठी महाराणी, बस आता! आणि लगेच ती रेघ मला नीट दिसली. ते छिद्र माझं होतं. इतकी वर्षं मी ज्या लाकडाला धरून ओढ खाल्ली, ज्याच्यातून प्रत्येक गाणं माझ्या अंगाला लागलं, ते लाकूड चिरलं होतं. ते गेलं असतं तर महाराणी गेली असती, मीही गेले असते, आणि सरांच्या मांडीवर पुन्हा कुणीच बसलं नसतं. ताटलीत पडल्या पडल्या मी धास्तावले.

अक्षता आत आली, तिनं बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी दारात सर उभे! घरी येऊन बघतात तर खिळा रिकामा, पोरगी काकांकडं गेल्याचं कळलं, तसेच ते दुकानाकडं आले होते.

"हे काय करून राह्यली तू?" सर म्हणाले.

"सर, तिला न्हाई, मला बोला," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बोअरमधली मोटार समजून आवळला मी. हात थांबलाच न्हाई."

सरांनी पाना घेऊन नट सोडला, मोबाईलची बत्ती लावली, गिटार उजेडात धरली, चिरेवरून नख फिरवलं. एकदा, मग दुसऱ्या बाजूनं.

"कडेपर्यंत गेली न्हाई," सर शेवटी म्हणाले. "अक्षता, रडू नको. कल्याण, सुताराचा गोंद हाय का?"

गोंद होता. सरांनी तो चिरेत बोटानं दाबून भरला, ओल्या फडक्यानं वरचा पुसला, दोन्हीकडून लाकडी पट्ट्या लावून क्लॅम्पनं धरलं. काका क्लॅम्प फिरवायला पुढं आले तसे सर म्हणाले, "तू चहा सांग." त्या दिवसांत सर पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दुकानातच पट्ट्या निघाल्या. चीर धरली होती. सरांनी महाराणीला हातात घेतलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं. पुसलं! मला आयुष्यात पुसलं नव्हतं! मग नट स्वतःच्या बोटांनी फिरवला, पाना नुसता टेकवून एवढासा पीळ दिला आणि हात काढून घेतला. "बस्स. लाकडाला श्वास घेऊ द्यायचा," असं ते अक्षताला म्हणाले आणि कल्याणकाकांनी मान हलवली. तारा चढल्या. सरांनी जाड तार ताणली, बोटानं वर ओढून तिचा ढिलेपणा काढला, पुन्हा जुळवली आणि चहा होईपर्यंत तिला हात लावला नाही. मग छेडली. सूर जागच्या जागी होता. मला तर चहासुद्धा डोळ्यांत खुपला.

अक्षताची आई बेबीनंदाही बघायला आली होती, ती म्हणाली, "त्या जुन्या चाव्या कशाला ठेवल्या? भंगारात टाका." माझ्या पाचही बहिणी कल्याणकाकांच्या भंगाराच्या पोत्यात गेल्या. ते पोतं जालन्याला जातं, तिथल्या भट्ट्यांत वितळून त्याच्या सळया होतात. नखरेल बहीण आता कुणाच्या तरी स्लॅबमध्ये मिरवत असेल, तिचं नशीब. मला मात्र सरांनी उचललं. "जाड तारेची राहू दे पिशवीत. वेळेला लागली तर." ऐकलंत? वेळेला लागली तर! म्हणजे महाराणीवर त्यांचा भरवसा नव्हता. मी तेवढ्यावर फुगले.

आणि सर टेंभुर्णीला गेले. जीपमधून जाताना अक्षता शेजारी, गिटार मांडीवर. स्टेजवर पिशवी मागं ठेवली, कप्प्याची चेन उघडी होती, मला सगळं दिसत होतं. भिवानं पेटी पुढं ओढली, माईकवर हात ठेवून हळूच विचारलं, "मास्तर, जुळलंय ना?" सरांनी नुसती तार छेडली. भिवानं मान डोलावली आणि गायला लागला.

मी श्वास रोखून होते. घसर, म्हणत होते मी महाराणीला, घसर ना! पहिलं कडवं संपलं. आणि सरांचा हात मानेवरून वर आला. मित्रांनो, तो हात माझ्यासाठी आला होता! सवयीनं, न बघता, थेट माझ्या जागेवर. बोटं महाराणीवर टेकली. क्षणभर थांबली. तिथं पिळायला काही नव्हतं, सूर जागेवर होता. हात परत गेला. दुसरं कडवं संपलं, हात पुन्हा आला, पुन्हा रिकामाच गेला. लोकांनी गाणं उचलून धरलं, पुढची पोरं टाळ्या द्यायला लागली. तिसरं गाणं कुठलं होतं ते मला आठवत नाही. मी हाताचीच वाट बघत होते. कडवं संपलं आणि हात आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. सर डोळे मिटून वाजवत होते, आपला हात कुठं जात नाही हे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. त्यांनी एकही गाणं सोडलं नाही, शेवटपर्यंत वाजवलं. महाराणीला सबंध कार्यक्रमात कुणी हात लावला नाही, कुणी बघितलं नाही, एका शब्दानं कौतुक केलं नाही. आणि तरी मी तिच्यावर जळत होते, कारण असं कुणाच्या लक्षात न येता काम करणं मला पण एके काळी येत होतं.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरात जी वस्तू बिनबोभाट राबते आहे तिला आजच तेलाचा थेंब द्या, ती कुरकुरायची वाट बघू नका. कुरकुरायला लागल्यावर मिळालेला हात म्हणजे माया आहे असं तिला वाटायला लागतं आणि मग तिचं फार वाईट होतं. जुनी चावी काढाल तेव्हा आधी तारा ढिल्या करा आणि तिला सावकाश सोडवा. नवी बसवाल तेव्हा बोटांनी बसवा, पान्यानं नुसती टेकवा. लाकूड जुनीचंही तेच असतं आणि नवीचंही तेच. आणि नव्या चावीचं कौतुक करायचं असेल तर खुशाल करा, पण आधी पिशवीची चेन लावून घ्या. मला आत सगळं ऐकू येतं.